दारावरचे इंद्रजाल आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

आम्ही मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत राहतो आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना न्याहारी-निवासासाठी देतो. माझ्या दिरांची मासेमारीची होडी आहे. खडकाळ भागात जाळी टाकली की कधीकधी काळी, बारीक फांद्यांची जाळीदार झाडे त्यांत अडकून येतात. आमच्याकडे त्यांना इंद्रजाल म्हणतात. दारावर लावले की घराला नजर लागत नाही अशी समजूत असल्यामुळे मी एक वाळवून, काचेच्या चौकटीत घालून दारावर लावले होते. पाहुण्यांना ते आवडले, म्हणून आणखी तीन चौकटी करून प्रत्येकी पाचशे रुपयांना दिल्या. गेल्या महिन्यात वनखात्याची माणसे आली आणि दारावरची चौकट व पडवीतल्या दोन सुट्या फांद्या पंचनामा करून घेऊन गेली. हे झाड नसून प्रवाळ आहे आणि ते बाळगणे गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आता जबाबासाठी बोलावणे आले आहे.

शेजारी म्हणतात, ‘माहीत नव्हते म्हणून सांग, सोडतील.’ माझा भाऊ शिक्षक आहे. तो म्हणतो, कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही. मग ज्या कायद्याविषयी आमच्या गावात कोणी कधी सांगितले नाही, आणि जी वस्तू पूजेच्या साहित्याच्या दुकानांत उघड मिळते, तिच्यासाठी मला गुन्हेगार ठरवणे न्यायाचे आहे का? शेजारच्या घरांतही अशा चौकटी आहेत. त्यांनी त्या जाळाव्यात, की समुद्रात सोडाव्यात?

— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर

ताई,

तुमच्या भावाने सांगितलेला नियम खरा आहे आणि तो तुम्हालाही लागू होतो, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ‘असा कायदा आहे हे मला माहीत नव्हते’ एवढ्या एका वाक्यावर कोणतेही न्यायालय तुम्हाला सोडणार नाही. मात्र तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले असता दिसते की तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी माहीत नव्हत्या, आणि तुम्ही, तुमचे शेजारी व तुमचा भाऊ अशा सगळ्यांनीच त्यांची सरमिसळ केली आहे. प्रवाळ बाळगणे गुन्हा आहे हे तुम्हाला माहीत नव्हते, ही एक गोष्ट. दारावर लावलेली वस्तू प्रवाळ आहे हेच तुम्हाला माहीत नव्हते, तुम्ही तिला समुद्रातले झाड समजत होता, ही दुसरी. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे, आणि जबाबात पहिल्या गोष्टीवर सगळा भर जाऊन दुसरी सांगायची राहून गेली, तर तुमचे न भरून येणारे नुकसान होईल.

हे अंतर भारतीय न्याय संहितेच्या मजकुरातच आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आली आणि जुन्या संहितेतील कलम ७६ व ७९ यांचा आशय आता कलम १४ व १७ मध्ये आला आहे. त्यांतले तुमच्या उपयोगाचे कलम १७ असे सांगते की एखाद्या व्यक्तीने वस्तुस्थितीविषयीच्या चुकीमुळे, आणि कायद्याविषयीच्या चुकीमुळे नव्हे, आपले कृत्य कायद्याला धरून आहे असे सद्भावनेने मानून ते केले असेल, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही. कायद्याविषयीची चूक येथे शब्दांनिशी वगळलेली आहे, त्यामुळे तिला आडवाटेने आत आणण्याची सोय वकिलालाही नाही आणि न्यायाधीशालाही नाही. वस्तुस्थितीविषयीच्या चुकीला मात्र दार उघडे ठेवलेले आहे, आणि अपवादांचे हे प्रकरण वन्यजीव कायद्यासारख्या विशेष कायद्यांखालील गुन्ह्यांनाही लागू होते.

पहिला नियम किती कठोरपणे लागू होतो, हे आपल्याच मुंबईत घडलेल्या एका खटल्यावरून कळते. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक २७ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला निघाला होता. त्याच्या अंगातल्या खास शिवलेल्या जाकिटात एकेक किलोच्या ३४ सोन्याच्या लगडी होत्या. विमान २८ तारखेला सांताक्रूझ विमानतळावर थांबले, तो विमानातच बसून राहिला आणि तेथे त्याची झडती झाली. देशातून पुढे नेल्या जाणाऱ्या सोन्याचीही नोंद विमानाच्या मालयादीत असलीच पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना अवघ्या चार दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. झुरिकमधून निघणाऱ्या परदेशी माणसाला ती ठाऊक असणे जवळजवळ अशक्य होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, परंतु १९६४ मध्ये सुनावणी झालेल्या आणि १९६५ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निकाल फिरवला. अधिसूचना भारतात रीतसर प्रसिद्ध झाली होती, तेवढे पुरेसे होते. ती जगभर पोहोचली पाहिजे अशी अट घालता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. दोषसिद्धी कायम झाली, पण शिक्षा मात्र तोपर्यंत भोगलेल्या कैदेइतकीच ठेवण्यात आली. न जाणण्याचा विचार शिक्षा ठरवताना होऊ शकतो, हे या निकालातून दिसते. तुमच्या प्रकरणात त्यालाही एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

नियम इतका कडक का, याचे माझ्या मते पटणारे कारण असे आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे प्रत्येकाला सोपे असते आणि ते खोडून काढणे सरकारी पक्षाला जवळजवळ अशक्य असते, कारण दुसऱ्याच्या मनात काय होते याचा कागद कोठेच नसतो. हा बचाव मान्य झाला तर जो कायदा समजून घेण्याची तसदी घेतो तो बांधला जाईल आणि जो मुद्दाम डोळे मिटून घेतो तो मोकळा राहील. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदीत होडी बाहेर काढणाऱ्याने ‘तारीख लक्षात नव्हती’ म्हटल्यावर त्याला सोडायचे ठरवले, तर होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या तुमच्या दिरांनी दोन महिने कमाई बुडवावी ती कशासाठी? कायदा पाळणाऱ्यावर अन्याय होऊ नये, यासाठी हा नियम आहे.

याचा अर्थ असा मात्र नाही की प्रत्येकाला सगळे कायदे माहीत असतात असे न्यायालये समजतात. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितले आहे: प्रत्येक व्यक्तीला कायदा माहीत असतो असे गृहीतक कायद्यात नाही, अज्ञानामुळे सुटका होत नाही, एवढेच तत्त्व आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे तुमच्याकडे खोटे बोलणारी बाई म्हणून पाहण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. तुम्हाला माहीत नव्हते हे अधिकाऱ्यांना आणि न्यायालयाला पूर्णपणे खरे वाटू शकते, आणि तरीही त्या एका कारणाने तुम्ही सुटत नाही.

न्यायाचे आहे का, या तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू सरकारकडे जाते. लोकांनी कायदा पाळावा अशी अपेक्षा असेल, तर कायदा आधी लोकांसमोर यायला हवा. १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात हाच प्रश्न आला होता. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा ठराव करून संमत केला, पण तो कोठेही प्रसिद्ध केला नाही. त्या कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला. रक्कम लहान, पण तो माणूस थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकाल दिला की बंद दाराआड केलेला, लोकांना कळण्याची कोणतीही वाट नसलेला कायदा अमलात आला असे म्हणताच येत नाही. दोषसिद्धी रद्द झाली. कायद्याचे अज्ञान क्षम्य नसेल, तर कायदा प्रसिद्ध न करणेही क्षम्य नाही, आणि ही दोन्ही तत्त्वे एकत्र असली तरच पहिल्याला नैतिक बळ मिळते.

दुर्दैवाने हरलाचा आधार तुम्हाला मिळणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखा या नावाने ओळखले जाणारे प्रवाळ २००१ साली राजपत्रातील अधिसूचनेने त्याच्या अनुसूची एकमध्ये घातले गेले, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे ते त्यांना मिळाले. इंद्रजाल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू बहुधा या दोहोंपैकी एका गटातल्या असतात. प्रसिद्धी झाली होती. ती तुमच्या पडवीपर्यंत पोहोचली नाही, इतकेच. तसे पाहिले तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि तुमच्या घरी उतरणारे पाहुणे ज्या पाण्यात डोके बुडवून प्रवाळ पाहायला पैसे मोजतात, त्याच पाण्यातले प्रवाळ भिंतीवर टांगण्याविषयी त्यांच्यापैकी एकालाही शंका येऊ नये, याचे मला वाईट वाटते.

दुकानात उघड मिळते म्हणजे चालत असणार, हा समजही सोडून द्यावा लागेल. दुकानदाराची विक्री तुमच्या वस्तूला परवाना देत नाही. त्याने केलेला गुन्हा अजून पकडला गेलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ होऊ शकतो. मात्र दुकानाच्या उल्लेखाचा एक उपयोग आहे. ही वस्तू बाजारात सर्रास ‘दुर्मीळ वनस्पती’, ‘समुद्री मूळ’ अशा वर्णनाने विकली जाते. ते वर्णन खोटे आहे, पण ते सर्वत्र आहे, आणि सामान्य माणसाचा ती वनस्पती असल्याचा समज प्रामाणिक असू शकतो, हे दाखवण्यासाठी तुमचे वकील त्याचा आधार घेऊ शकतील.

येथे आपण दुसऱ्या अज्ञानाकडे येतो. जिला तुम्ही फांदी समजत होता, ती सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीने उभारलेली रचना आहे. प्रत्येक काडीवर असंख्य इवलेसे प्राणी राहतात, आपल्या शुंडकांनी पाण्यातले अन्न टिपतात आणि अतिशय सावकाश ती रचना वाढवत नेतात. हवाई बेटांजवळच्या खोल समुद्रातील काळ्या प्रवाळाची एक वसाहत चार हजार वर्षांहून जुनी असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपल्या किनाऱ्यावरची तितकी जुनी असेल असे मी म्हणत नाही, पण जाळे ओढताना एका झटक्यात जे तुटते ते पुन्हा उभे राहायला मोठा काळ लागतो आणि तोवर त्याच्या आडोशाने राहणारे लहान मासे उघड्यावर पडतात. मासेमारीवर जगणाऱ्या घरासाठी ही गोष्ट कायद्याच्या धाकापेक्षा जवळची असायला हवी.

तुम्ही ही वस्तू झाड समजत होता, ही वस्तुस्थितीविषयीची चूक आहे आणि कलम १७ चा दरवाजा येथे उघडू शकतो. ‘उघडू शकतो’ असे मी जपून लिहीत आहे, कारण त्याला दोन कड्या आहेत. पहिली कडी सद्भावनेची. संहितेच्या व्याख्येप्रमाणे योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नाही. म्हणजे मनात खोट नव्हती एवढे पुरत नाही. सामान्य शहाण्या माणसाने केली असती तेवढी चौकशी तुम्ही केली होती का, असे विचारले जाईल. ओल्या प्रवाळावर मांसल थर असतो आणि वाळताना त्याला कुजका वास येतो. सरकारी वकील नेमके हेच विचारतील की वास आला तेव्हा हे झाड नसावे असे वाटले नाही का. दुसरी कडी सिद्ध करण्याच्या जबाबदारीची. अपवादाचा लाभ मागणाऱ्यानेच तो अपवाद दाखवून द्यायचा असतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०८ सांगते. त्याशिवाय वन्यजीव कायद्याचे कलम ५७ असे आहे की संरक्षित वस्तू ताब्यात सापडल्याचे सिद्ध झाले की तो ताबा बेकायदा होता असे गृहीत धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचे काम आरोपीवर येते. समाधानाची बाब एवढीच की आरोपीकडून संशयापलीकडच्या पुराव्याची अपेक्षा नसते. तुमचे म्हणणे अधिक संभवनीय आहे असे दिसले तरी पुरते.

तीन चौकटी विकल्या, ही तुमच्या प्रकरणातील सर्वांत नाजूक बाब आहे. दारावर एक लावणे आणि पैसे घेऊन तीन देणे यांत न्यायालय फरक करील, कारण व्यापार करणाऱ्याने अधिक चौकशी करायला हवी ही अपेक्षा वावगी नाही. झाड समजून विकले, हा बचाव तेथेही तोच राहतो, पण तो पेलणे जड जाते.

आता शिक्षेविषयी. अनुसूची एकमधील प्राणी किंवा त्यापासून केलेल्या वस्तूंच्या संदर्भातील गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंड आहे. हा आकडा घाबरवण्यासाठी लिहिलेला नाही. किमान शिक्षा कायद्यातच असल्यामुळे ‘तिला माहीत नव्हते, म्हणून थोडक्यात सोडू’ असे म्हणण्याची मुभा न्यायाधीशांना राहत नाही. मेयर हान्स जॉर्जला मिळालेली सवलत तुमच्या वाट्याला येण्याची वाट त्यामुळे जवळपास बंद आहे. किमान कैद असलेल्या गुन्ह्यांत तडजोडीची रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची तरतूदही लागू होत नाही. तेव्हा ‘काहीतरी भरून टाका आणि मोकळे व्हा’ असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहा. एवढ्या मोठ्या किमान शिक्षेच्या गुन्ह्यात दारावर नजरेसाठी काहीतरी लावणारी गृहिणी आणि तस्करी करणारी टोळी यांना एकाच मापाने मोजले जाते, हे मला योग्य वाटत नाही. कायदा दुबळ्या प्राण्यांच्या बाजूने कठोर असावा हे मान्य करूनही, न्यायाधीशाला माणूस पाहून तोलण्याची थोडी जागा हवी होती.

तुमच्या गावात कोणी सांगितले नाही, ही तक्रारही मला रास्त वाटते, आणि सांगितल्याने काय होते याची उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवाची अंडी काढून नेण्याची रीत होती. कायदा तेव्हाही होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे काम सुरू केले, लोकांशी बोलून त्यांनाच घरट्यांची राखण सोपवली आणि आज त्या गावात पाहुणे येतात ते पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी. तसेच डिसेंबर २०१८ पासून जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने सुरू केली. बंदरावर, मच्छीमारांच्या सोसायटीत ही योजना कळली आणि लोकांनी कासवे, देवमासे सोडले. इंद्रजालाविषयी असा एक फलक प्रत्येक बंदरावर आणि अशी एक सूचना न्याहारी-निवासाच्या प्रत्येक नोंदणीसोबत द्यायला फार खर्च येत नाही. पंचनाम्याला येणाऱ्या गाडीआधी माहितीचा कागद यायला हवा होता, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण गांभीर्याने मान्य करतो. फक्त ते म्हणणे सरकारला सुनावण्याचे आहे. खटल्यात त्याने तुमचे रक्षण होणार नाही.

जबाबाला जाण्यापूर्वी वकिलाला भेटा, एकटीने जाऊ नका. याचे कारण कायद्यातच आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब साधारणपणे पुरावा म्हणून चालत नाही, पण वन्यजीव कायद्याच्या कलम ५० प्रमाणे सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या उपस्थितीत नोंदवलेली साक्ष पुढे न्यायालयात ग्राह्य धरता येते. तेथे बोललेला शब्द सहजासहजी मागे घेता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० चे संरक्षणही तुम्हाला आहे. कोठे बोलायचे आणि कोठे थांबायचे हे वकील सांगतील. फी परवडत नसेल तर संकोच करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका समितीकडे किंवा ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो आणि १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

वकिलाला सगळे खरे सांगा आणि अगदी बारीकसारीक सांगा: वस्तू केव्हा आली, तिला घरात काय म्हणत होते, झाड आहे असे कोणी सांगितले, वास आला का, कोणाला विचारले का, दुकानात ती कशा वर्णनाने पाहिली. दुकानातून विकत आणली असे सांग, म्हणजे दिरांचे नाव येणार नाही, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. तुमचा सगळा बचाव तुमच्या प्रामाणिकपणावर उभा आहे आणि एक खोटे उघडे पडले की ‘झाड समजत होते’ हे खरे वाक्यही खोटे वाटू लागेल. दिरांनी स्वतंत्र वकील करावा हे उत्तम. त्यांची बाजू वेगळी आहे: जाळ्यात आपोआप अडकणे आणि हेतूने काढणे यांत फरक आहे, जाळे अभयारण्याच्या हद्दीत होते की बाहेर यालाही महत्त्व आहे, आणि समुद्रातल्या माणसाला ओल्या प्रवाळाची जी ओळख असते ती घरात वाळलेली काडी हाती आलेल्या बाईला असेलच असे नाही. जप्त केलेली वस्तू खरोखर अनुसूचीतलेच प्रवाळ आहे, हे तज्ज्ञांच्या अहवालाने सिद्ध करणे मात्र सरकारी पक्षाचे काम आहे, ते तुम्ही गृहीत धरून कबूल करू नका.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. तुमच्या घरी पंचनामा झाल्यावर त्यांना आता माहीत आहे. झाड समजत होतो हे सांगण्याची सोय त्यांच्यापुढे यापुढच्या दिवसांसाठी राहिलेली नाही. चौकट जाळणे किंवा समुद्रात टाकणे हा मार्ग सर्वांत वाईट. वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे अशी वस्तू सरकारची मालमत्ता ठरते आणि परवानगीशिवाय ती बाळगणे, दुसऱ्याला देणे आणि नष्ट करणे या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. शिवाय पुरावा नाहीसा करणे हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा होऊ शकतो. याच कलम ३९ मध्ये वस्तू हाती आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवण्याचे बंधन आहे. तो काळ त्यांच्याबाबतीत उलटून गेला आहे, आणि आपणहून नेऊन दिले म्हणून कारवाई होणारच नाही असे वचन कायदा देत नाही. तरीही माझा सल्ला असा की त्या घरांनी एकत्र येऊन एका वकिलामार्फत वनक्षेत्रपालांना लेखी कळवावे, वस्तू कशी आली ते खरेपणाने लिहावे, ती ताब्यात घेण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. धाड पडून सापडणे आणि स्वतः पुढे येणे यांत सद्भावनेचा जो फरक दिसतो, तो प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतो. पत्रात गावासाठी माहितीची सभा घेण्याची मागणीही जरूर घाला. ग्रामपंचायतीचा ठराव जोडता आला तर अधिक चांगले.

ज्या तीन पाहुण्यांना चौकटी दिल्या, त्यांची नावे तुमच्या नोंदवहीत असतील. ती वही जपून ठेवा, त्यातले पान फाडू नका आणि त्या पाहुण्यांना स्वतः फोन करून ‘टाकून द्या’ असे सांगू नका, कारण तुमच्या सांगण्यावरून त्यांनी ती नष्ट केली तर दोघांचीही अडचण वाढेल. त्यांना काय आणि कोणाकडून कळवायचे, हे वकिलाच्या पहिल्याच भेटीत विचारा.